विंडोजवरून लिनक्सवर जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाचे पाच संगणक मी सांभाळतो. चारांवर लिनक्स आहे, पाचवा मुद्दाम विंडोजवर ठेवलाय. का, ते पुढे येईलच. वाचनालयातले सभासद, नातेवाईक, शेजारचे दुकानदार फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. ती लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. दुसरं काही वापरत असाल तर बटणांच्या जागा बदलतील, बाकी बहुतेक सगळं लागू पडेल.

माझा संगणक चांगला चालतोय. बदलायचं कशाला?

विंडोज १० असेल तर एक कारण आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. फक्त नव्याने सापडणारी सुरक्षेतली भोकं बुजवणं थांबलं. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय आहे, पण ती वाढवून घेतलेली मुदत. त्या संगणकावर तुम्ही बँकेचे व्यवहार करत असाल तर विचार करायला हवा. तो इंटरनेटला जोडलेलाच नसेल आणि नातू त्यावर नुसते पत्ते खेळत असेल, तर काही करू नका.

मग विंडोज ११ का नको?

संगणकाला झेपत असेल तर जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. अडचण अशी की विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाद. धडधाकट यंत्र केवळ या अटींपायी भंगारात काढायला लोकांचं मन होत नाही, आणि लिनक्सचा प्रश्न घेऊन येणाऱ्यांत हीच मंडळी जास्त असतात.

लिनक्स म्हणजे नेमकं काय? आणि इतकी नावं का?

लिनक्स हा खरं तर गाभा. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. तुमच्या ॲन्ड्रॉइड फोनच्या तळाशीही तोच आहे. या गाभ्याभोवती खिडक्या, मेनू, छोटी-मोठी सॉफ्टवेअर रचून वेगवेगळे लोक तयार संच देतात. पीठ एकच, कुणी भाकरी थापतो, कुणी थालीपीठ लावतो. डेबियन १९९३ पासून आहे, त्यावर २००४ मध्ये उबुंटू उभं राहिलं, आणि उबुंटूवर २००६ मध्ये मिंट.

मी कुठलं घेऊ?

मिंट. मेनू डाव्या कोपऱ्यात खाली, घड्याळ उजव्या कोपऱ्यात, म्हणजे विंडोजची सवय असलेला हात जिथे जातो तिथेच वस्तू सापडते. चार जीबी किंवा जास्त रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती, त्याहून अशक्त यंत्र असेल तर एक्सएफसीई. ३२-बिटचा फारच जुना संगणक असेल तर मिंटचा नाद सोडा. २० व्या आवृत्तीपासून तिथे फक्त ६४-बिट आहे.

इंटरनेटवर यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. सुरुवातीला त्या वादात पडू नका.

मला जमेल का, हे आधी कसं कळेल?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात. लिनक्स येणं न येणं हा मुद्दाच नसतो. गाडं अडतं ते एखाद्याच सॉफ्टवेअरपाशी नाहीतर एखाद्याच वायरीपाशी. म्हणून एक कागद घ्या आणि आठवडाभर संगणकावर जे जे कराल ते लिहीत जा. 'इंटरनेट' असं मोघम लिहू नका. वीजबिल भरलं, बहिणीशी व्हिडिओवर बोललो, सातबारा काढला, सोसायटीचं पत्र छापलं, असं लिहा. यूएसबीला जे जे खुपसता तेही लिहा.

मग एकेक ओळ तपासा. जे ब्राउझरमध्ये होतं ते लिनक्सवरही होतं, कारण फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही तिथे आहेत. बँक, रेल्वेचं तिकीट, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब, सगळ्यांवर बरोबरची खूण करा. उरतील त्या दोन-चार ओळी. निर्णय त्या ओळींवर घ्यायचा.

वाचनालयाच्या हिशेबनीसांचा असा कागद केला तेव्हा सत्तावीस ओळी झाल्या. खूण न झालेल्या फक्त दोन राहिल्या: टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन. पाचवा संगणक विंडोजवर आहे तो या दोन ओळींपायी.

कुणी लिनक्सच्या वाटेला जाऊच नये?

टॅली रोज लागणाऱ्यांनी तो संगणक आहे तसा ठेवावा. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. वाइन (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवू पाहणारा प्रोग्रॅम) नावाच्या आडवाटेने ते चालवण्याचे प्रयत्न होतात, पण मार्च अखेरीला व्यापाऱ्याने असले प्रयोग करू नयेत.

जीएसटी किंवा ई-निविदांसाठी डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन वापरत असाल तर ज्याच्याकडून घेतलं त्याला आधी विचारा. काही टोकनांचे ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतात, पण पोर्टलवरचा सहीचा छोटा प्रोग्रॅम आणि टोकन यांची गाठ बसेलच असं नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्यांना, ज्यांना आधारसाठी अंगठ्याचं यंत्र लागतं त्यांना, हेच सांगणं.

आणि डीटीपीवाले. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दिवाळी अंक करणाऱ्यांचं सगळं आयुष्य कोरलड्रॉ, पेजमेकर आणि श्रीलिपीत गेलेलं असतं. इंकस्केप आणि स्क्रायबस ही मोफत सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण पंधरा वर्षांच्या फाइली त्यांत जशाच्या तशा उघडणार नाहीत. छापखान्याच्या धंद्याची घडी मोडू नका. घरच्या दुसऱ्या संगणकावर खुशाल शिका.

माझ्या जुन्या मराठी फाइली उघडल्या तर नुसती चिन्हं दिसतात. लिनक्सने फाइल बिघडवली का?

नाही. ती फाइल आधीपासूनच तशी होती. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधी मराठीचे जे फॉन्ट आले त्यांत 'क' हे अक्षर संगणकासाठी 'क' नव्हतंच. आत इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह साठवलेलं असायचं, आणि फॉन्ट त्या जागी मराठी आकार दाखवायचा. फॉन्ट गेला की सोंग उतरतं. विंडोजचं नवं यंत्र घेतलंत आणि त्यात तो फॉन्ट टाकला नाहीत, तरी हेच दिसेल.

उपाय दोन. फॉन्टची टीटीएफ फाइल तुमच्याकडे असेल आणि परवाना आड येत नसेल तर ती लिनक्सवर टाका, बऱ्याचदा मजकूर दिसू लागतो. खरा उपाय म्हणजे रूपांतरकातून मजकूर युनिकोडमध्ये आणणं. रूपांतर झालं की रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी एकदा डोळ्यांखालून घाला. चुका होतात त्या तिथेच.

मराठी टाइप कसं करायचं?

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण हे जमलं नाही म्हणून परत फिरलेले लोक मी पाहिलेत.

सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर लेआउटचा विभाग असतो. अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून मराठी शोधा. इनस्क्रिप्टचा मराठी लेआउट तिथे तयार असतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी एक कळजोडी ठरवून टाका. विंडोजवर इनस्क्रिप्ट वापरत होतात तर तुमचं काम इथेच संपलं. हा आराखडा भारतीय मानक ब्यूरोचा आहे, दोन्हीकडे सारखाच. के दाबलं की क, डी दाबलं की हलन्त, शिफ्टसह एन दाबलं की ळ. बोटांना फरक कळतसुद्धा नाही.

इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याची सवय असेल तर आयबस आणि त्यासोबतचा एम१७एन हा संच बसवा आणि मराठीचा आयट्रान्स प्रकार निवडा. पण एक खबरदारीची सूचना: फोनवर तुम्ही कसंही लिहिलं तरी तो अंदाजाने शब्द सुचवतो, इथे तसला अंदाज नाही. लहान टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट. लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. पहिले चार दिवस 'पाणी'चं 'पानी' होईल.

माझं मत विचाराल तर या निमित्ताने इनस्क्रिप्ट शिकून घ्या. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो.

'वाऱ्यावर' लिहायला गेलो की 'वार्यावर' होतं!

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांनी पहिल्या दिवशी लिनक्सची परीक्षाच घेतली: 'आचार्यांना दक्षिणा दिली आणि आचाऱ्यांना मजुरी.' दोन्ही ठिकाणी 'र्या' उमटलं आणि गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दोन 'र' वेगळे आहेत, एवढंच. रफारासाठी साधा र, हलन्त, मग य. चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र साठी खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, मग य. इनस्क्रिप्टवर साधा र जे या कळीवर आणि टिंबाचा ऱ शिफ्टसह त्याच कळीवर. 'दऱ्या', 'पायऱ्या', 'कुऱ्हाड' सगळं असंच. गुरुजींनी वाक्य पुन्हा लिहिलं, चष्मा परत नाकावर गेला.

'ॲ' चं पण तपासून घ्या. हिंदीचा 'ऍ' आणि मराठीचा 'ॲ' ही युनिकोडमध्ये दोन वेगळी अक्षरं आहेत. एका अक्षराने लिहिलेलं 'ॲप' दुसऱ्या अक्षराने शोधलंत तर सापडणार नाही.

'ल' आणि 'श' हिंदीसारखे दिसतात.

तो फॉन्टचा प्रश्न. लोहित मराठी किंवा नोटो सान्स देवनागरी टाका. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी ठरवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ल-श आपोआप येतात. भाषा हिंदीवर राहिली तर येत नाहीत, आणि माणूस तासभर फॉन्ट बदलत बसतो.

वर्ड आणि एक्सेलचं काय?

मिंटसोबत लिबरऑफिस येतं. वर्डच्या फाइली ते उघडतं आणि वर्डच्या नमुन्यात जतनही करतं. साधं पत्र, अर्ज, ठराव, हजेरी, काही अडत नाही. तक्ते, चौकटी आणि चित्रं दाटीवाटीने भरलेली फाइल थोडी विस्कटते. एक्सेलमध्ये कुणी मॅक्रो लिहून ठेवले असतील तर ते चालतील असं धरू नका. दुसऱ्याला फक्त वाचायला द्यायचं असेल तर पीडीएफ करून पाठवा, पान हलत नाही.

विंडोजला हात न लावता आधी बघता येईल का?

येईल, आणि तसंच करावं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवून), मिंटची आयएसओ फाइल (सगळी प्रणाली एकाच फाइलीत) मिंटच्याच संकेतस्थळावरून उतरवा, रूफस किंवा बलेना एचर यांपैकी एक सॉफ्टवेअर वापरून ती पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही. मग संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, यांपैकी तुमच्या कंपनीची जी कळ असेल ती टकटक दाबत राहा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

आता जे दिसतंय ते पेनड्राइव्हवरून आणि रॅममधून चाललंय; हार्ड डिस्कला स्पर्शही नाही. त्यामुळे जरा संथ वाटेल, ते मनावर घेऊ नका. याच अवस्थेत वायफाय जोडा, आवाज ऐका, कॅमेरा उघडा, प्रिंटरवर एक पान काढा, झाकण बंद करून लॅपटॉप झोपतो आणि उठतो का ते पाहा. पंधरा मिनिटांची ही चाचणी न करता लिनक्स बसवणं म्हणजे मुलगी न पाहता लग्न ठरवणं, असं आमचे एक सभासद म्हणतात. त्यांची उपमा, माझी नव्हे.

दोन्ही ठेवता येतात का?

येतात. संगणक सुरू होताना एक यादी दिसते, हवं ते निवडायचं. पण बसवण्याआधी तीन गोष्टी कराव्याच लागतात.

फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. बसवताना एका पानावर 'विंडोजच्या शेजारी बसवा' आणि 'डिस्क पुसून बसवा' असे पर्याय एकाखाली एक येतात. पहिल्या वर्षी, रात्री साडेअकराला, मी स्वतः दुसऱ्यावर टिचकी मारली होती. भावाच्या लग्नाचे फोटो मामेबहिणीकडे होते म्हणून वाचलो.

दुसरं, बिटलॉकर. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते आणि मालकाला पत्ताही नसतो. तिची ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधून कागदावर उतरवा. नाहीतर विंडोज एके दिवशी ती मागेल आणि तुम्ही एकमेकांकडे बघत बसाल.

तिसरं, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' केलेलं विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्सला डिस्कवरचा विंडोजचा भाग फक्त वाचता येतो, त्यात काही लिहिता येत नाही.

मिंटसाठी शंभर जीबी जागा द्या. वीस जीबीतही बसतं, पण कोंबून.

दोन्ही ठेवल्यापासून विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. बॅटरी गेली का?

बॅटरी ठणठणीत आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, आणि भारत जागतिक वेळेच्या बरोबर साडेपाच तास पुढे. लिनक्सला 'तूही स्थानिक वेळच धर' असं एका ओळीच्या आज्ञेने सांगता येतं. या एका प्रश्नापायी लोकांनी दुकानात जाऊन नवे सेल बसवून घेतलेत.

माझा सी ड्राइव्ह कुठे गेला?

तिथे सी, डी असं काही नसतं. सगळं एकाच झाडाला लटकलेलं असतं, आणि तुमच्या नावाचं 'होम' फोल्डर हे तुमचं घर. कागदपत्रं, फोटो, डाउनलोड सगळं त्यात. घराबाहेरचं हलवायला गेलात तर पासवर्ड मागेल. तो मागितला की आपण कुठे आहोत ते एकदा बघा.

आणखी एक चकवा: फाइलच्या नावात इंग्रजी लहान-मोठं अक्षर इथे वेगळं धरतात. मोठ्या बी ने सुरू होणारं 'बिल' आणि लहान बी चं 'बिल' एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदतात.

सॉफ्टवेअर कुठून आणू? एक्सईवर क्लिक केलं, काहीच झालं नाही.

बरं झालं. एक्सई ही विंडोजच्या सॉफ्टवेअरची फाइल, ती लिनक्ससाठी नाही. मेनूत सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, फोनवरच्या प्ले स्टोअरसारखं. नाव शोधा, बसवा. अपडेटही सगळ्यांचे एकाच जागी येतात आणि कामाच्या मध्येच संगणक आपणहून बंद-चालू होत नाही. सुरुवातीला इकडून तिकडून फाइली उतरवून बसवायची खोड सोडा.

वायफाय दिसत नाही.

फोन यूएसबीने जोडा, त्यातलं टेदरिंग (फोनचं इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) चालू करा, इंटरनेट आलं की ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉमच्या काही चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो, तो तिथे सुचवला जातो.

प्रिंटर?

एचपीचे बहुतेक चालतात, वायफायवरचे नवे प्रिंटरही बहुधा आपोआप सापडतात. जुन्या छोट्या लेझर प्रिंटरांचं मात्र नशीब. आमच्याकडच्या एकाने तीन रविवार खाल्ले; शेवटी तो पाचव्या संगणकाला जोडला.

काळ्या पडद्यावर आज्ञा लिहाव्या लागतात म्हणे?

रोजच्या कामाला नाही. घड्याळासारखी एखादी दुरुस्ती करताना लागतात. कुठूनतरी उचललेली आज्ञा न समजता चिकटवू नका, विशेषतः तिच्या सुरुवातीला 'सुडो' असेल तर. त्याचा अर्थ 'मालकाच्या अधिकाराने कर' असा आहे.

व्हायरस?

विंडोजसाठी लिहिलेले इथे चालत नाहीत. पण 'तुमचं वीज कनेक्शन आज रात्री तोडणार' या मेसेजला भुलून ओटीपी सांगणाऱ्याला कुठलीच प्रणाली वाचवू शकत नाही.

गेम?

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले पुष्कळ चालतात. त्यासाठी स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन हे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन आणलं. व्हॅलोरंट चालत नाही. मुलगा तेच खेळत असेल तर घरात शांतता राहावी म्हणून विंडोज ठेवा.

मेनू मराठीत करू का?

करता येतात, पण भाषांतर अर्धवट आहे, एका मेनूत दोन भाषा दिसतात. 'संचयिका' म्हणजे फोल्डर हे मलाच दोन दिवसांनी उमगलं. मजकूर मराठीत, मेनू इंग्रजीत, असं मी ठेवलंय. अडलं तर शोधताना संदेशाचे तेच इंग्रजी शब्द उपयोगी पडतात.

आई-बाबांना देऊ का?

ते फक्त ब्राउझर आणि फोटो वापरत असतील तर तुमच्यापेक्षा त्यांनाच सोपं जाईल. फायरफॉक्सचं चिन्ह मोठं करून पडद्यावर ठेवा, अक्षरं मोठी करा, टाइमशिफ्ट चालू करा. टाइमशिफ्ट प्रणालीची जुनी स्थिती जपून ठेवतं, बिघडलं की मागे जाता येतं. फोटो मात्र ते जपत नाही, त्यांची वेगळी प्रत काढाच. आणि संगणकात अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवून द्या. तेवढ्यानेच फरक इतका पडतो की श्रेय लिनक्सला द्यायचं की एसएसडीला, हे सांगता येत नाही.

नाही जमलं तर परत विंडोजवर येता येईल?

येईल. विंडोज १० पासून बहुतेक यंत्रांचा परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो; तीच आवृत्ती पुन्हा टाकून इंटरनेटला जोडलं की ती स्वतःला ओळखते. फक्त विंडोजचा पेनड्राइव्ह आधीच, विंडोजवर असतानाच बनवून ठेवा. मायक्रोसॉफ्टचं ते साधन विंडोजवरच चालतं, आणि लिनक्सवर बसून तसा पेनड्राइव्ह बनवणं हे नवशिक्याचं काम नाही.